बंदुकीवर नाव बापूसचं

कांडला बंदर
१४ ऑक्टोबर १९७९

सगुणाबाय,

कोंबडी इकली असती तर कोंबडीचा रंग लिहिला असतास. घराची बंदूक इकली, ती मात्र पत्राच्या एकदम शेवटी, खुशालीच्यापन खाली: "बाबांनी बंदूक देऊन टाकली, तुला कळावं." कळलं. चांगलंच कळलं. शिमग्याला अंगनात उभा राहून मी काय बोललो होतो? बंदुकीला हात लावू नका. बापूस हो म्हनाला होता. तू चुलीपाशी होतीस, तूपन ऐकलंस. आता म्हनशील ऐकलं नाय.

तुला ठाऊक हाय मला ती कशाला पाहिजे होती. तुर्भ्याला गोदामं उठतायत, कंपन्या उघडतायत, सगळ्यांना वॉचमन पाहिजे. साधा वॉचमन म्हंजे काठी नि शिटी. बंदूकवाला वॉचमन म्हंजे बसायला स्टूल, डोक्यावर छत्री नि पगार डबल. पन बंदूक त्याने आपली आनायची, कंपनी देत नाय. बापूस थकला, लायसन माझ्या नावावर चढवून घेतलं असतं, सातबारा चढतो तसं. घरी जेवलो असतो, घरी झोपलो असतो.

इथे काय हाय? दिवसभर आमचा टग मोठ्या जहाजाला ढुसन्या देतो नि टगचा मुकादम, सेरंग, आमाला शिव्या देतो. टगवर माझ्या बोलीत बोलायला एक मानूस नाय. पान्याला चव नाय. मी परत यायचा रस्ता शोधत होतो नि तुमी तो रस्ताच इकून टाकलात.

कोनाला इकली? तू मधे होतीस का? खरं लिही.

बाळाराम


शिरवणे
२५ ऑक्टोबर १९७९

चि. बंधू बाळाराम यास सगुणाचा आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र दिलं तेव्हा मी अंगणात सुकट वाळत घालत होते. वाचून झालं तेव्हा सुकटीवर कावळे बसले होते. एवढं लांबलचक भांडण तू कधी लिहिलं नव्हतंस, म्हणजे हात बरा चालायला लागला म्हणायचं.

अंगणात बोललास ते ऐकलं होतं. पण तुझं बोलणं किती धरायचं? बेलापूरच्या खडीमशीनवर म्हणालास आता इथेच जन्म काढतो. पावसाळाही काढला नाहीस. मग गोव्याची बार्ज. मग मुरूडचा ट्रॉलर. आता कांडला. उद्या बंदूक घेऊन स्टुलावर बसला असतास आणि परवा स्टूल टोचतं म्हणाला असतास.

मी मधे नव्हते. नवरा गेल्यापासून मी बाबांच्या घरी आहे ती भाकरी करायला, बाबांना शिकवायला नाही. काय झालं ते सांगते. आपलं लायसन शेताच्या राखणीचं, डोंगरावरून डुकरं उतरायची म्हणून मिळालेलं. श्रावणात बाबा ते पुढे चालू करायला ठाण्याला गेले. तिथला साहेब म्हणाला, "शिरवण्याच्या जमिनी सरकारने घेतल्या ना? मग आता राखण कसली करता, डांबराची?" पुढच्या सालापासून लायसन नाही, बंदूक चौकीत जमा करायची. बाबा घरी आले. बंदूक काढली, तेल लावलं, नळीत तेलाचा फडका कोंबून ठेवला. मग म्हणाले, "चौकीचे खोलीन टाकली त गंजंल. परत कोनाला मिलाली हाय? त्यापरीस कोनाचे हातान दिलेली बरी."

श्यामसुंदरने घेतली. वाशीच्या प्लॉटांवर मातीची भरणी करणारा, ट्रकवाला. तोंडात साखर. मी त्याच्याहून लहान असेन तरी मला काकू म्हणतो. आपल्यात होडी विकतात तशीच विकली. स्टॅम्पपेपर आणला, पाच माणसं ओटीवर बसली, नारळ फोडला. श्यामसुंदरने सही केली, बाबांनी अंगठा. पैशातला एक रुपया बाबांनी परत त्याच्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ती दारातून जाताना बघितली नाही.

आता तिचं नाव काढायचं नाही. तुला माहीत आहे, होडी दिली की पुढची नारळी पौर्णिमा होईपर्यंत घेणाऱ्याच्या दारी जायचं नसतं, विचारायचं नसतं, नाहीतर ती दोन्ही घरांना बाधते. बाबांनी बंदुकीलाही तेच लावलं. पाच माणसांसमोर झालेला व्यवहार आहे, चोरी नाही. तेव्हा तूही गप बस आणि पोटभर जेव.

सगुणा


कांडला बंदर
८ नोव्हेंबर १९७९

सगुणाबाय,

हे पत्र बापूसला वाचून दाखवू नको. आधी तू वाच, दार लावून.

बंदराच्या गेटवर शिवराम हवालदार म्हनून एक हाय, साताऱ्याचा, मिलिटरीतनं आलेला. खांद्यावर बंदूक असते म्हनून मी त्याच्यापाशी जाऊन बसतो. काल चहा पिताना मी सहज इषय काढला. म्हटलं, "हवालदार, माझ्या एका दोस्ताच्या बापूसने बंदूक इकली."

"कुणाला? दुकानात?"

"नाय, गावात. स्टॅम्पपेपर केला, पंच बसवले."

त्याने कप खाली ठेवला. "म्हस हाय व्हय रं, पंच बसवायला? घेणाऱ्याकडं लायसन हुतं?"

मी म्हटलं, असेल. तो म्हनाला, "आसंल न्हवं. आपली सोताची बंदूक दुकानाबाहीर इकता येती, त्याला मनाई न्हाई. पर घेणाऱ्याकडं लायसन पायजे आन् इकायच्या आदी चौकीला लिवून द्यायचं, अमक्या गावच्या अमक्याला देतुया म्हणून. ते न्हाई क्येलं तर देणारा बी आत, घेणारा बी आत. आन् उद्या त्या बंदुकीनं कोण मेला, तर नंबर कुणाच्या नावावर निघंल?"

 मी उरलेला चहा बाजूला ओतला.

"तुज्या दोस्ताला सांग, बापाला एक घोंगडं बांधून ठेव म्हणावं. आत गारठा आसतू." नि हसला. मग हसायचा थांबला नि माझ्याकडे बघून म्हनाला, "गाव कुठलं रं दोस्ताचं?"

"रत्नागिरी," मी म्हटलं नि उठलो. आता गेटवरनं जाताना मान खाली घालून जातो.

हेपन कळलं की लायसन बापाचं पोराला चढत नाय. सातबारा येगळा, बंदूक येगळी. म्हंजे माझंपन चुकलंच होतं. ते जाऊ दे. तू मला एवढंच लिही: श्यामसुंदरचं लायसन तू आपल्या डोळ्यांनी बघितलंस का? चौकीला कोनी काय लिहून दिलं का? उलट टपाली लिही. रात्री टगचा दोर करकरतो तरी मला वाटतं कोन तरी दाराची कडी काढतो.

बाळाराम


शिरवणे
२० नोव्हेंबर १९७९

चि. बाळाराम,

पत्र वाचून चुलीत घातलं. तू पण माझं हे ठेवू नकोस.

श्यामसुंदरने कागद दाखवला होता. बाबांना वाचता येत नाही म्हणून मीच वाचला. त्याच्यावर शिक्का होता, नंबर होता. लायसनसाठी अर्ज केल्याची पावती होती ती. तो म्हणाला, "काकू, लायसन आलंच समजा." आम्ही आलंच समजलं. नवं रेशनकार्ड येईपर्यंत आपण पावतीवरच साखर आणली होती ना? वाशीच्या खोल्या लोक पावतीवर घेतात, नळ पावतीवर येतो. मला काय ठाऊक बंदुकीला पावती चालत नाही? पाच पंचांत एकालाही ठाऊक नव्हतं. चौकीला कोणी काही लिहून दिलेलं नाही. चौकीचं नावही कोणी काढलं नाही.

आणि आता चौकीच घरी आली. निवडणूक लागली ना. सगळ्या लायसनवाल्यांनी मतदान होईपर्यंत बंदुका जमा करायच्या असा हुकूम आहे. शिपाई सायकलवरून आला. मी भाजी निवडत होते. सायकल भिंतीला लावून म्हणाला, "जोमादादा, तुमची नळी कधी आणताय?"

मला वाटलं बाबा सांगतील. बाबा म्हणाले, "ठाण्याला दुरुस्तीला टाकलीय. घोरा बिघरला तिचा."

"दुकानाची पावती?"

"घरान कंय तरी हाय. सोधतो."

शिपाई भला माणूस. पाणी प्यायला, "लवकर आणा दादा, मलाच वरून बोलतात" म्हणाला आणि गेला. बाबा तिथेच बसून राहिले. मी म्हटलं, बाबा, खोटं कशाला बोललात? तर माझ्यावरच ओरडले, "मंग काय सांगू? इकली? तिचा नाव कारायचा नाय, तुला सांगितला ना?" बाळाराम, मग बाबांनी भर दिवसा दाराला आतून कडी लावली. चाळीस डुकरं मारलेला माणूस.

मी श्यामसुंदरच्या शेडवर जायला निघाले तर दारात आडवे झाले. नारळी पौर्णिमा झाली नाही म्हणे. तुझं ते हवालदाराचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

सगुणा


कांडला बंदर
१ डिसेंबर १९७९

सगुणाबाय,

सांग. सगळं सांग. नि नारळी पौर्णिमा गेली खाडीत. ही काय होडी हाय? होडीने मानूस मरत नाय. तू बापूसला न विचारता श्यामसुंदरकडे जा, पाया पड, पैसे परत कर, वर मागेल ते दे, मी धाडतो. बंदूक हातात आली की सरळ चौकीत नेऊन ठेव. दुरुस्ती झाली सांग. कोन बघतोय घोडा.

मी निघालो असतो. सेरंग म्हनतो, गेलास तर मागचा पगार बुडाला नि परत टगवर पाय ठेवू नको. तरी येतो. तू लिही, येतो.

नि कायच नाय जमलं, शिपाई लय मागे लागला, तर माझं नाव सांगा. पोराने न विचारता नेली कांडल्याला म्हनावं. मी लांब हाय, मला कोन धरतोय? मी तीन ठिकानी नोकरी सोडली हे सगळ्या गावाला ठाऊक हाय, माझ्यावर कोनाचापन इस्वास बसेल. बापूसला हात लावला तर तो चौकीच्या पायरीवरच मरेल.

बाळाराम


शिरवणे
१२ डिसेंबर १९७९

चि. बाळाराम,

हे लिहिताना तीनदा उठले. आता लिहून टाकते.

मी श्यामसुंदरच्या शेडवर गेले. ट्रकखाली आडवा होऊन काही तरी पिळत होता, बाहेरसुद्धा आला नाही. खालूनच म्हणाला, "काकू, माल गेला."

"गेला म्हणजे?"

"डोंगराकडच्या खाणीवर एकाला पाहिजे होती. दिली."

"त्याच्याकडे लायसन होतं?"

"आमच्या धंद्यात कोण लायसन विचारतं काकू? तुम्ही मला विचारलंत?"

मी म्हटलं, त्याचं नाव सांग. तर म्हणाला, नाव सांगून माझं गिऱ्हाईक तोडू? तुमच्याकडे स्टॅम्पपेपर आहे तो फाडून टाका, माझ्याकडचा मी फाडलाय. म्हणजे आता ती कोणाच्या हातात आहे ते आपल्याला ठाऊक नाही. बंदूक फिरते आहे आणि तिच्यावर नाव एकच आहे, बाबांचं.

परवा बाजारात ऐकलं, खाणीवर एका माणसाच्या खांद्यात काही तरी घुसलं, वाशीच्या डॉक्टरकडे नेला. कोणी म्हणतं गोळी लागली. कोणी म्हणतं भांडण झालं होतं. मी पिशवी तिथेच विसरून घरी आले. बाबांना बोलले नाही, पण त्यांनी कुठून तरी ऐकलं. तेव्हापासून रस्त्यावर जाऊन बसतात आणि प्रत्येक ट्रकच्या आत बघतात. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणतात आणि येत नाहीत.

काल शिपाई आला तो एकटा नव्हता, जमादार बरोबर होता. दुकानाची पावती मागितली. नाही म्हटल्यावर जमादाराने बाबांचं मनगट धरलं, "चला म्हातारबा, चौकीत बसून आठवू." बाबा चप्पल शोधायला लागले. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना, तशीच एक घालून चालायला लागले.

बाळाराम, ती एक चप्पल बघितली आणि मी तुझं नाव घेतलं. बाबांनी नाही, मीच. म्हटलं, "माझ्या भावाने नेली, कांडल्याला आहे, टगवर." जमादाराने मनगट सोडलं. तुझं नाव, टगचं नाव सगळं लिहून घेतलं. तिकडे तार करतो म्हणाला.

बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. तू लिहिलं होतंस म्हणून बोलले, पण तू लिहिलंस ते रागात लिहिलंस की खरं, हे मला आता कळत नाही. मला शिव्या दे, पण उत्तर दे.

सगुणा


शिरवणे
२१ डिसेंबर १९७९

चि. बाळाराम,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, कारण चांगलं आहे. घाबरू नकोस, पुढे वाच.

बाबांनी शेवटी तोंड उघडलं. परवा सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि मला म्हणाले, "तो कागद दे." स्टॅम्पपेपर मी फाडला नव्हता. घेऊन थेट श्यामसुंदरच्या शेडवर गेले. मी मागून. भर माणसांत उभं राहून ओरडले, "माजी बंदूक कंय हाय?" सगळे ट्रकवाले बघायला लागले. जन्मात विकलेल्या वस्तूच्या मागे न गेलेला माणूस. श्यामसुंदर गोड बोलायला लागला तर म्हणाले, "मी आता चौकीन चाललो. तुजी सही हाय याचेवर. तू येतोस का मी एकलाच जाऊ?"

एकटेच गेले. मी दारापाशी उभी होते. चौकीच्या साहेबासमोर सांगितलं, "पोराने नाय नेली. मी इकली. मना ठाव नव्हता असा चालत नाय. ठाव नव्हता तरी इकली ती मीच."

साहेबाने आधी खूप झापलं. मग सही बघून श्यामसुंदरला आणवलं, आणि त्या सहीपुढे त्याची साखर विरघळली. संध्याकाळच्या आत बंदूक खाणीवरच्या एका झोपडीत सापडली. बाबांनी नळीत कोंबलेला तेलाचा फडका तसाच होता, कोणी बार उडवलेलाच नव्हता. खाणीवरच्या माणसाला लागली ती सुरुंगाची कपची होती, डॉक्टरने लिहून दिलं आहे. मी चौकीच्या अंगणातच बसले आणि रडले.

केस होणार. बाबांवर, श्यामसुंदरवर आणि खाणीवाल्यावरही. पण बाबांना जामीन मिळाला, पंचांतल्या एकाने दिला. वकील म्हणतो, म्हातारा आपण होऊन आला, बंदूक वापरलेली नाही, कोर्ट बहुतेक दंडावर सोडेल. फक्त एक राहिलं. मी तुझं नाव दिलं होतं ते कागदावर आहे. तू येऊन जबानी द्यायची, की मी नेली नाही, बहीण घाबरून बोलली. मलाही तसं सांगायचं आहे. नाहीतर साहेब म्हणतो, दोघांत खोटं कोण बोलतं ते कोर्ट ठरवेल.

तर ये. पगार बुडू दे, टग बुडू दे. बाबा तुझी वाट बघतात. काल जेवले. मला म्हणाले, "पोराला लिव, स्टूल नसला त काय झाला, काठी नि शिटी त हाय."

सगुणा


कांडला बंदर
२२ डिसेंबर १९७९

सगुणाबाय,

तुझं बारा तारखेचं पत्र काल मिळालं. शिव्या देत नाय. मीच लिहिलं होतं नि खरंच लिहिलं होतं. बापूसचं मनगट सोडलं ना, मग बस.

आज सकाळी शिवराम हवालदाराने मला गेटवर बाजूला घेतलं. म्हनाला, "दोस्त तूच का रं? तुज्या नावाची चौकशी आलीया. साहेब सुट्टीवर हाय, सोमवारी येईल, तवर मी कागद वरती घेत न्हाई. माज्यानं येवढंच हुतंय." नि दुसरीकडे बघत उभा राहिला.  मी शूर नाय. इथे लांब बसून लिहायला सोपं होतं, मला कोन धरतोय म्हनून. आता प्रत्येक खाकी कापड माझ्याकडेच येतंय असं वाटतं.

मी लय इचार केला. त्यांनी मला धरलं तर पहिलं इचारतील, बंदूक कुठे हाय. मी काय सांगू? मार पडला की मी खरं बोलेन, मला माझं ठाऊक हाय. मग परत बापूसला नेतील नि खाणीवरचं जे काय झालंय तेपन त्याच्याच गळ्यात घालतील. मी सापडलोच नाय तर मात्र पोरगा बंदूक घेऊन पळाला एवढंच राहतं. बापूस सुटला. तेव्हा मी गेलंच पाहिजे.

कच्छातल्या मांडवीचं एक वहान, शिडाचं मोठं गलबत, मस्कतला चाललंय, खजुरासाठी. नाखवाला खलाशी कमी हाय. त्याने कागद मागितले नाय, मीपन त्याला काय इचारलं नाय. पासपोर्ट नाय, तरी जाता येईल, परत येनं कसं ते मला ठाऊक नाय. उद्याच्या भरतीला निघायचं. तुझ्या उत्तराची वाट बघत नाय, बघितली तर धीर जाईल. तिकडे माझा पत्ता नसेल. कोनी इचारलं तर सांग, तो लहानपनापासून असाच, एका जागी टिकत नाय. लोक लगेच मानतील.

शिपाई आला तर पानी दे. जास्त बोलू नको. स्टॅम्पपेपर असेल तर जाळून टाक. बापूसला म्हनावं रस्त्यावर बसू नको, ट्रकात बघू नको. नवी चप्पल घेऊन दे. नारळी पौर्णिमेला माझ्या नावाचा नारळपन खाडीत सोड.

नाखवाने आगाऊ दिलेत त्यातले इस रुपये माझ्यापाशी ठेवले, बाकीची मनिऑर्डर आत्ताच करून आलो. तीनशे ऐंशी रुपये.

बाळाराम